दूरध्वनी संभाषण-नोंदणी

दूरध्वनी संभाषण-नोंदणी : कार्यालयातील खाजगी दूरध्वनी केंद्रातून बाहेर होणाऱ्या प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, कालावधी, फिरविलेला क्रमांक आणि ज्या अंतर्गत दूरध्वनीवरून ते झाले त्याचा क्रमांक ही माहिती आपोआप टिपून ठेवण्याच्या व्यवस्थेस संभाषण-नोंदणी असे म्हणतात. केंद्राला जोडलेल्या मुद्रकावर (प्रिंटरवर) प्रत्येक संभाषण संपताच त्याची एक ओळ छापली जाते. काय बोलणे झाले याची नोंद यात होत नाही. कोण, कोणाशी, केव्हा व किती वेळ बोलले एवढेच तीवरून कळते.

गरज : ट्रंक कॉल हाताने जोडले जात तेव्हा चालक प्रत्येक कॉलची चिठ्ठी लिहीत असे. बिलाविषयी वाद झाल्यास ती चिठ्ठी हा पुरावा असे. भारतात ग्राहकाने स्वतःच परगावचा क्रमांक फिरविण्याची सोय (एस.टी.डी.) प्रथम १९६० मध्ये कानपूर व लखनौ यांदरम्यान सुरू झाली. तिच्यामुळे ताटकळणे संपले, परंतु चिठ्ठीही गेली. विद्युत् यांत्रिक केंद्रात प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक गणित्र असे. परगावच्या संभाषणात अंतराप्रमाणे ठरलेल्या कालांतराने स्पंद येत आणि प्रत्येक स्पंदागणिक गणित्र एका अंकाने पुढे सरके. महिन्यादोनमहिन्यांनी हाती येणाऱ्या बिलात आधीचा आकडा, नंतरचा आकडा व त्यांतील फरक एवढेच असे. हे स्पंद कोणत्या संभाषणाचे, हे गणित्राला सांगता येत नसे. एका बाह्य तारेवर वीसतीस अंतर्गत दूरध्वनी चालविणाऱ्या कार्यालयाची अडचण याहून मोठी होती. खर्च कोणत्या विभागाचा आणि खाजगी बोलणे किती, हे ठरविण्यास त्याच्याकडे काहीच साधन नव्हते.

बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ही अडचण विशेष जाणवणारी होती. या जिल्ह्यात ११ तालुके असून ते एकाच दूरध्वनी क्षेत्रात मोडत नाहीत. बीडचा संकेतांक ०२४४२, माजलगावचा ०२४४३ व अंबाजोगाईचा ०२४४६ असा आहे. त्यामुळे जिल्हा कार्यालयाने आपल्याच तालुक्याच्या कार्यालयाशी बोलावयाचे म्हटले, तरी ‘०’ लावून क्रमांक फिरवावा लागे. नोंदीच्या ओळीतील आरंभीचे हे पाच अंक पाहूनच संभाषण गावातले, जिल्ह्यातले की मुंबईचे (०२२) हे ओळखता येते. आकारणीचा हिशेबही त्यांवरूनच केला जाई.

मुद्रकाची जोडणी : इलेक्ट्रॉनिक खाजगी केंद्राच्या (ई.पी.ए.बी.एक्स.) नियंत्रकात दूरध्वनी जोडण्याचे व तोडण्याचे काम सूक्ष्मप्रक्रियक करतो. ही माहिती त्याच्याकडे मुळातच असते, ती फक्त बाहेर काढावयाची असते. त्यासाठी केंद्रावर एक क्रमिक द्वार असते. बहुतेक यंत्रणांत ते अमेरिकेत १९६० मध्ये प्रथम ठरविलेल्या आर.एस.-२३२ या मानकाप्रमाणे असते. यात अक्षराचे बिट एकामागून एक पाठविले जातात. ३ ते १५ व्होल्ट धन दाब म्हणजे शून्य व तेवढाच ऋण दाब म्हणजे एक. अक्षराचे ८ बिट व आरंभ-अंतदर्शक २ बिट मिळून १० बिट होतात. ८० अक्षरांची ओळ व तिच्या शेवटच्या दोन आज्ञा धरल्यास ८२० बिट लागतात. सेकंदाला १,२०० बिट या मंद वेगानेही एक ओळ पाऊण सेकंदाच्या आत पाठविता येते. म्हणून या कामास महागडा मुद्रक लागत नाही. सलग कागदावर टिंबांनी अक्षरे उठविणारा साधा ८० स्तंभांचा मुद्रक पुरतो. पान भरण्याची वाट न पाहता एकेक ओळ छापण्याचा त्याचा गुण येथे उपयोगी पडतो. पानभर मजकूर साठल्यावरच छापणारे लेझर मुद्रक या कामास गैरसोयीचे ठरतात. मुद्रकाला केवळ समांतर द्वार असेल, तर मध्ये परिवर्तक बसवावा लागतो.

जोडणीसाठी तीन तारा पुरतात : प्रेषण, ग्रहण व सामाईक भूतार. पंचवीस टाचण्यांच्या जोडणीत त्या अनुक्रमे २, ३ व ७ या क्रमांकांच्या टाचण्यांवर येतात. केंद्र व मुद्रक हे दोन्ही २ क्रमांकाच्या टाचणीवरून प्रेषण करणारे असतील, तर सरळ जोडलेल्या तारेने काहीच छापले जात नाही. २ व ३ या तारांची अदलाबदल करावी लागते. कागदावर अर्थहीन अक्षरे उमटली, तर तारा ठीक असून दोन्हीकडचा वेग किंवा बिटांची मांडणी जुळलेली नाही असे समजावे. सर्व नोंदी एकाच ओळीवर एकीवर एक छापल्या गेल्या, तर पुढील ओळीवर सरकण्याची आज्ञा कोणीच देत नाही. प्रत्येक नोंदीनंतर एक ओळ कोरी राहिली, तर ती दोघेही देतात. मधलीच अक्षरे गळत असतील, तर दोष प्रवाह-नियंत्रणाचा असतो. मुद्रकाची तात्पुरती स्मृती भरत आली की, त्याने ‘थांब’ असे केंद्राला कळवावयाचे असते. हे एखाद्या वेगळ्या तारेवरील दाबाने किंवा ग्रहणाच्या तारेवरून १९ व १७ या संकेतांची अक्षरे पाठवून (थांब व चालू कर) साधतात. दोघांची पद्धत एकच असावी लागते. केबल सुमारे १५ मीटरपेक्षा लांब नसावी.

प्रत्यक्षात नोंदी गमावल्या जातात त्या बहुधा अधिक साध्या कारणांनी. केंद्राला विजेऱ्यांचा आधार असतो, मुद्रकाला सहसा नसतो. मराठवाड्यात भारनियमनाच्या काळात तासन्‌तास वीज नसे. दूरध्वनी चालू राहत आणि नोंदी केंद्राच्या स्मृतीत साठत. या स्मृतीची क्षमता मर्यादित असते. ती भरल्यावर काही यंत्रणा सर्वांत जुनी नोंद पुसतात, तर काही नवी नोंद घेत नाहीत. कागद संपल्यानेही हेच घडते. वळवाच्या पावसात तारांवाटे आलेला विजेचा आघात क्रमिक द्वारातून मुद्रकापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून दोन्ही यंत्रांचे भूसंपर्कन एकाच ठिकाणी असणे आवश्यक असते.

मर्यादा : छापील नोंद म्हणजे बिल नव्हे, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. साध्या तारेवर पलीकडच्या व्यक्तीने दूरध्वनी उचलला हे खाजगी केंद्राला कळत नाही. क्रमांक फिरवून झाल्यावर काही ठराविक सेकंद गेले की, संभाषण सुरू झाले असे ते गृहीत धरते. त्यामुळे बराच वेळ घंटा वाजून कोणीही न उचललेला कॉल नोंदीत संभाषण म्हणून येऊ शकतो, आणि पटकन उचललेल्या कॉलचा कालावधी प्रत्यक्षाहून कमी दिसतो. मुख्य केंद्राने उत्तर मिळताच तारेची ध्रुवता पालटली किंवा आकारणीचे १६ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे स्पंद तारेवर पाठविले, तरच हा दोष दूर होतो.

एस.टी.डी. बूथमधील यंत्र याच तत्त्वावर चालत असे. ते स्पंद किंवा ध्रुवता ओळखून क्रमांक, वेळ व रक्कम यांची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हाती देई. ऊसतोडणीसाठी बीड जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणाऱ्या कुटुंबांना मोबाइलचा प्रसार होईपर्यंत गावाशी बोलण्याचे मुख्य साधन असे बूथच होते. जो हिशेब कार्यालयांना मुद्रक जोडून मिळवावा लागे, तो येथे बोलणे संपताच हाती पडे.

बिलाच्या तक्रारी १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या ७-ब कलमाखाली लवादाकडे जात. या कलमामुळे ग्राहक मंचाकडे जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. २०२२ च्या निर्णयाने मात्र ग्राहक आयोगांची अधिकारिता मान्य केली.

नोंदीची दुसरी बाजू गुप्ततेची आहे. काही यंत्रणा संभाषण जुळल्यानंतर दाबलेले अंकही नोंदीत घेतात. दूरध्वनीवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्याचा गुप्त क्रमांक त्यामुळे कार्यालयाच्या कागदावर छापला जाऊ शकतो. अशा ठिकाणी शेवटचे काही अंक झाकून छापण्याची सोय वापरणे योग्य होय. कर्मचारी वैद्याशी, वकिलाशी किंवा संघटनेच्या कार्यालयाशी किती वेळा बोलला हे केवळ क्रमांकांवरून उघड होते. म्हणून नोंदीचे कागद उघड्यावर, टंकलेखकाच्या मेजाशेजारी साठू देण्याची अनेक कार्यालयांतील सवय निर्धास्त म्हणता येत नाही.

भारत संचार निगमने २००६ मध्ये देशभर मिनिटाला एक रुपया असा समान दर देऊ केला आणि मोबाइल सेवा स्वस्त होत गेली. त्यानंतर अंतरावर आधारलेल्या आकारणीचा हिशेब ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. नंतरच्या यंत्रणांत हीच ओळ मुद्रकाऐवजी जाळ्यातून संगणकाकडे जाते. जुन्या केंद्राला नव्या संगणकाशी जोडताना यू.एस.बी. परिवर्तक वापरतात. तेथेही वेग, बिटांची मांडणी व २ आणि ३ क्रमांकांच्या तारा पहिल्याप्रमाणेच जुळवाव्या लागतात. फक्त नऊ टाचण्यांच्या जोडणीत संगणकाकडे २ वर ग्रहण व ३ वर प्रेषण असते आणि भूतार ५ वर येते.