कॉन्फिग बदलली, सर्व्हर चालूच: रीलोड नेमका कधी?

दिघीहून आगरदांड्याला जायला राजपुरीच्या खाडीतून जंगार आहे, गाडीसकट पलीकडे नेणारी. समजा, तिच्या तिकिटांसाठी तुम्ही वेब ॲप लिहिताय. माणशी भाडं, गाडीचं भाडं, फेऱ्यांच्या वेळा, सगळं एका कॉन्फिग फाइलमध्ये. भाडं बदललंत, फाइल सेव्ह केलीत, पान रिफ्रेश केलंत, तरी दर जुनाच! कारण सर्व्हर सुरू होताना फाइल एकदाच वाचतो, आकडे मेमरीत ठेवतो आणि पुन्हा फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. सर्व्हर बंद-चालू केला की नवा दर दिसतो खरा, पण मेमरीत ठेवलेलं लॉगिन, कॅश आणि चाचणीसाठी अर्धवट भरलेलं बुकिंग पुसलं जातं.

फाइल परत वाचायला लावणं अवघड नाही. युनिक्सवर त्यासाठी सिगहप हा सिग्नल वापरतात. टर्मिनलची लाइन तुटली हे कळवायला तो होता. मागे चालणाऱ्या सर्व्हरला टर्मिनलच नसतं, म्हणून त्याला हे दुसरं काम मिळालं. लिनक्समध्ये २००५पासून आयनोटिफाय आहे, फाइल बदलली की कर्नलच कळवतो. फक्त फाइलवर नाही, तिच्या फोल्डरवर लक्ष ठेवा. काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात, आणि तुमचा पहारा जुन्या फाइलवरच राहतो.

खरी गोची पुढे आहे. एक रिक्वेस्ट माणशी भाडं जुन्या फाइलमधून घेते, तेवढ्यात रीलोड होतो आणि गाडीचं भाडं नव्या फाइलमधून येतं. बेरीज ना जुन्या दराची, ना नव्या. असा बग पुन्हा घडवून दाखवताना घाम फुटतो.

जेफ क्रेमर आणि जेफ मगी यांनी १९९०मध्ये मांडलेला विचार इथे कामी येतो: जो भाग बदलायचा, तो त्या क्षणी कुठल्याही व्यवहाराच्या मध्यात नसावा. असा क्षण आपोआप शोधता येईल का? आयआयटी कानपूरच्या दीपक गुप्ता, पंकज जलोटे आणि गौतम बरुआ यांनी १९९६मध्ये दाखवलं की, चालू प्रोग्रॅमचा कोड अमुक क्षणी बदलणं योग्य ठरेल की नाही, हे सरसकट ठरवणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. नशिबाने आपण कोड बदलत नाही, आकडे बदलतोय.

म्हणून नवी फाइल वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये वाचा, तपासा, बरोबर असेल तरच चालू ऑब्जेक्टच्या जागी एका झटक्यात ठेवा. प्रत्येक रिक्वेस्टने सुरुवातीला जो ऑब्जेक्ट धरला, तोच शेवटपर्यंत वापरायचा. एन्जिनएक्स हेच मोठ्या प्रमाणावर करतो: नवी कॉन्फिग चुकीची निघाली तर जुनीवरच चालत राहतो, बरोबर असेल तर नवे वर्कर उभे करतो आणि जुने हातातलं काम संपवून जातात.

मात्र बुकिंग दोन रिक्वेस्टचं असतं. पहिल्या पानावर दर दिसतो, दुसऱ्यावर पैसे जातात, आणि मधे रीलोड झाला तर प्रवाशाने पाहिलं एक, कापले गेले दुसरेच. तेव्हा दाखवलेला दर बुकिंगसोबत साठवा. आणि पोर्ट नंबर बदलायचा असेल, तर सरळ रीस्टार्ट करा. विकासाच्या काळात तेवढ्यासाठी यंत्रणा उभारणं परवडत नाही.