दोन सिस्टीम, एक संगणक : ‘फॉरमॅट’ची घाई नको

भांडुप पश्चिमेच्या टेंभीपाडा किंवा कोकणनगर परिसरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात आठ-दहा वर्षे वापरलेला संगणक. त्यात वडिलांनी ठेवलेले सोसायटीचे हिशेब, आईने जपलेली गणपतीची आणि लग्नकार्यांची छायाचित्रे आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचे प्रोजेक्ट. अभ्यासक्रमात लिनक्स आले म्हणून मुलीने विंडोजच्या शेजारी उबुंटू बसवले. काही आठवडे दोन्ही सुरळीत चालले. मग एका रात्री संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उमटली. प्रोजेक्ट दोन दिवसांनी सादर करायचे. दुरुस्तीच्या दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले : ‘‘फॉरमॅट मारावा लागेल.’’

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. अशा बिघाडात छायाचित्रे, हिशेब, प्रोजेक्ट यांपैकी काहीही सहसा नष्ट झालेले नसते. नष्ट झालेली असते ती तिथवर पोचण्याची वाट. भांडुप स्थानकाच्या पुलावरील पूर्व आणि पश्चिम दाखवणारी पाटी कोणी काढून नेली, तर नवखा प्रवासी गोंधळेल. पण म्हणून भांडुप गाव नाहीसे होत नाही. नवी पाटी लावण्याऐवजी वस्तीच पाडून पुन्हा बांधावी, तसा हा फॉरमॅटचा सल्ला आहे. खरे नुकसान होते ते बिघाडामुळे नव्हे, तर घाईने केलेल्या या उपायामुळे.

दोन सिस्टीम कशासाठी?

एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवण्याच्या पद्धतीला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. एकेकाळी संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींमुळे लिनक्स मराठी घरांत पोचले. २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली आणि २०११ पर्यंत तिच्या सीडी टपालाने विनामूल्य घरपोच मिळत. आता या पद्धतीकडे वळण्याचे नवे कारण निर्माण झाले आहे. विंडोज १० साठीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक जुने संगणक या अटींत बसत नाहीत. जुने विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावे, हा अशा घरांना स्वस्त मार्ग वाटतो.

बटण दाबल्यावर काय घडते?

बिघाड समजण्यासाठी संगणक सुरू होण्याचा क्रम माहीत असावा लागतो. जुन्या पद्धतीच्या म्हणजे बायोस असलेल्या संगणकात हार्ड डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा सर्वप्रथम वाचला जातो. त्यातील ४४६ बाइट सुरुवात करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या यादीसाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी असतात. इतक्या चिमुकल्या जागेत दोन सिस्टीमची निवड करून देणारा संपूर्ण प्रोग्राम मावत नाही. म्हणून लिनक्सचा ‘ग्रब’ हा प्रोग्राम आपला पहिला छोटा भाग तेथे ठेवतो आणि पुढचा मोठा भाग लिनक्सच्या विभागात ठेवतो.

यावरून ‘ग्रब रेस्क्यू’चे कोडे सुटते. लिनक्स नको झाले म्हणून एखाद्याने विंडोजमधून त्याचा विभाग पुसून टाकला, की ग्रबचा पहिला भाग शिल्लक राहतो आणि दुसरा नाहीसा होतो. पुढच्या वेळी पहिला भाग दुसऱ्याला शोधत बसतो व हात टेकतो. विंडोज मात्र आपल्या विभागात जसेच्या तसे असते. विभागांचा आकार वा क्रम बदलल्यावरही असेच होऊ शकते.

गेल्या दशकभरातील बहुतेक संगणकांत बायोसची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. येथे डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र विभाग असतो. त्यात विंडोज आणि लिनक्स यांच्या सुरुवातीच्या फायली वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. कोणती फाइल आधी उघडायची, याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. त्यामुळे येथील बिघाड अनेकदा त्याहून किरकोळ असतो : यादीतला क्रम बदललेला असतो किंवा एखादे नाव गळलेले असते.

आधी निदान

दुरुस्तीपूर्वी पडद्यावरचा संदेश मोबाइलवर टिपून ठेवावा. त्यानंतर संगणक सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट हे बटण दाबून सेटिंगमध्ये जावे. हे बटण कंपनीनुसार बदलते. तेथे हार्ड डिस्कचे नाव दिसते का, हे पाहावे. नाव दिसत नसेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रश्न दोन सिस्टीमचा नाही; वायर सैल झालेली असेल किंवा डिस्कच अखेरच्या घटका मोजत असेल. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग न करता ती जाणकाराकडे द्यावी.

डिस्क दिसत असेल, तर सुरुवातीच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबुंटू’ ही दोन्ही नावे आहेत का, ते तपासावे. दोन्ही असतील, तर हवे ते नाव वर घ्यावे व बदल जतन करावा. मोठ्या अपडेटनंतर विंडोज कधी कधी स्वतःचे नाव पहिल्या क्रमांकावर आणते आणि घरच्यांना ‘लिनक्स उडाले’ असे वाटते. त्यावर उपाय एवढाच.

जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी संपली, की तारीख मागे जाते आणि सेटिंग मूळ स्थितीला येतात. त्यात डिस्क वाचण्याची पद्धत बदलली, तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. तारीख चुकलेली दिसली तर आधी ही बॅटरी बदलून सेटिंग पूर्ववत करावीत.

मग फायलींची प्रत

निदान झाल्यावर लगेच दुरुस्तीला हात घालू नये. मधली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. शेजारच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा. १६ जीबीचा पुरतो. त्यावरील जुना मजकूर पुसला जातो, म्हणून रिकामा घ्यावा. या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘ट्राय उबुंटू’ हा पर्याय निवडला, की डिस्कवर काहीही न बसवता उबुंटू चालू होते. विंडोजचा विभाग उघडून छायाचित्रे, हिशेब आणि प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. विभाग ‘केवळ वाचता येईल’ अशा अवस्थेत उघडला तरी हरकत नाही. प्रत घेण्यास तेवढे पुरते. ही प्रत हाती आली, की निम्मी चिंता तेथेच संपते.

विभागच दिसत नसतील, तर विभागांची यादी बिघडलेली असू शकते. अशा वेळी त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. ‘टेस्टडिस्क’ हा विनामूल्य प्रोग्राम हरवलेले विभाग शोधू शकतो; मात्र त्यावर नवे काही लिहिले गेले, तर जुने परत मिळण्याची शक्यता घटत जाते.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने डिस्क कुलूपबंद असू शकते. ४८ अंकी रिकव्हरी की असल्याशिवाय ती उघडत नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये कोणताही बदल करण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी, अन्यथा किरकोळ बदलानंतर विंडोज हीच की मागत बसते.

नंतर दुरुस्ती

लिनक्सची वाट हरवली असेल, तर त्याच पेनड्राइव्हवरून ‘बूट-रिपेअर’ हा प्रोग्राम चालवावा. तो ग्रब पुन्हा जागेवर बसवतो. येथे एक चूक वारंवार होते. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेले असते आणि पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केला जातो. दोन्ही एकाच पद्धतीने सुरू व्हायला हवेत. नाहीतर दुरुस्ती होऊनही दुसरी सिस्टीम दिसत नाही.

ग्रबच्या यादीत विंडोजचे नाव नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. जून २०२१ मध्ये आलेल्या २.०६ या आवृत्तीपासून ग्रबने इतर सिस्टीम शोधण्याचे काम सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवले आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो शोध चालू करून यादी नव्याने तयार केली, की नाव परत येते.

विंडोजच सुरू होत नसेल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ आणि पुढे ‘स्टार्टअप रिपेअर’ निवडावे. ‘इन्स्टॉल’ निवडू नये. जुन्या पद्धतीच्या संगणकात या दुरुस्तीने ग्रबचा पहिला भाग पुसला जाऊ शकतो. तो नंतर बूट-रिपेअरने परत बसवता येतो. म्हणून क्रम आधी विंडोज, मग लिनक्स असा ठेवावा. नव्याने बसवतानाही हाच क्रम सोयीचा.

अपडेटनेच वाट अडवली तेव्हा

घरच्यांकडून काहीही चूक न होताही हा प्रसंग ओढवू शकतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या विंडोज अपडेटनंतर जगभरातील अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येई आणि संगणक बंद पडे. ग्रबमध्ये २०२२ साली आढळलेल्या सुरक्षाविषयक त्रुटीमुळे त्याच्या जुन्या आवृत्त्यांना प्रवेश नाकारणे, हा त्या अपडेटचा हेतू होता. ड्युअल बूट संगणकांना त्यातून वगळायचे ठरले होते. परंतु काही संगणक ड्युअल बूट आहेत, हे अपडेटला ओळखताच आले नाही.

तेव्हाही फायली जागेवर होत्या. ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करणे, नवा नियम पुसणे, लिनक्स अद्ययावत करणे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे, एवढाच उपाय होता. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मधील अपडेटद्वारे ही अडचण दूर केली. ज्यांनी दरम्यान घाईने फॉरमॅट केला, त्यांनी मात्र विनाकारण आपला मजकूर गमावला असणार.

साडेपाच तासांचे कोडे

कधी कधी दोन्ही सिस्टीम चालतात, पण लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले असते. रात्री आठ वाजता दुपारचे अडीच दिसतात. यात बिघाड काहीच नाही. लिनक्स संगणकाच्या अंतर्गत घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज तेच आकडे स्थानिक वेळ समजते. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्याने नेमका तेवढाच फरक पडतो. अंतर्गत घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची एक आज्ञा लिनक्सला दिली, की हा गोंधळ मिटतो.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्समधून त्या विभागात काही लिहिल्यास फायली बिघडण्याचा धोका असतो. विंडोजचा विभाग लहान करायचा असल्यास तो विंडोजमधूनच करावा आणि तत्पूर्वी फायलींची प्रत घ्यावी.

विभागांचा आकार बदलत असताना वीज जाणे सर्वांत घातक. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातील वीज एकाएकी गेली, तेव्हा उपनगरी गाड्याही जागच्या जागी थांबल्या होत्या. पावसाळ्यातील क्षणभराचा खंडही डेस्कटॉप बंद पाडण्यास पुरेसा असतो. हे काम यूपीएस जोडून, लॅपटॉप असल्यास चार्जर लावून करावे आणि मध्येच थांबवू नये.

शिकण्यासाठी भांडुपकरांना दूर जायला नको. शेजारच्या पवई येथील आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत. ते इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

सुरुवातीच्या त्या घरातील मुलीला दोन दिवसांच्या मुदतीत हे सारे जमेलच असे नाही. परंतु पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून प्रोजेक्टची आणि आईच्या छायाचित्रांची प्रत काढणे एका संध्याकाळचे काम आहे. तेवढे झाले, की दुरुस्ती रविवारी सवडीने करता येते. दुकानदाराकडे जायचेच असेल, तर फायलींची प्रत हाती आल्यानंतर जावे आणि ‘फॉरमॅट’ला होकार देण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा : डिस्क बिघडली आहे, की फक्त वाट?