शेजाऱ्याची श्रद्धा आणि विजयदुर्गचा दर्या

सहिष्णुता या शब्दात सहन करणे आहे. जे आवडते ते कोणी सहन करत नाही, सहन करावे लागते ते नकोसे. म्हणून न पटणारी श्रद्धा शेजारी नांदत असताना, तिला अडवण्याची ताकद हाती असूनही ती न अडवणे, हा धार्मिक सहिष्णुतेचा मूळ अर्थ. आदर ही पुढची पायरी आणि समान हक्क ही त्याहून पुढची. दुसऱ्याचा देव आपल्याला पटलाच पाहिजे, अशी अट यांतल्या एकाही पायरीला नाही. मग दुसरा काय मानतो याने आपल्याला फरक पडावा का, आणि पडावा तर कुठे? कोकण किनाऱ्याने या प्रश्नाची उत्तरे ग्रंथात लिहून ठेवली नाहीत, पण वागून दाखवली आहेत. त्यांतली काही अभिमानाची आहेत, काही लाजिरवाणी.

वाघोटन खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानला जातो. आदिलशाहीत त्याला घेरिया म्हणत. शिवाजी महाराजांनी तो घेतला, विजयदुर्ग हे नाव दिले आणि पुढे तो मराठी आरमाराचे मोठे ठाणे झाला. या आरमारात गाबीत, भंडारी, कोळी यांच्या बरोबरीने मुसलमान दर्यावर्दीही होते. दर्या सारंग आणि दौलतखान हे तर महाराजांच्या आरमाराचे सरदार. गलबतावर माणसाची पारख वेगळ्या गोष्टींवरून होते. वारा फिरला की शीड कधी उतरवायचे, उधाणात खाडीचे तोंड कसे धरायचे, रात्री नांगर कुठे टाकायचा, हे ज्याला कळते त्याच्या हाती सुकाणू द्यावे लागते. तो नमाज पढतो की दर्याला नारळ वाहतो, याने खडक चुकत नाही. सहिष्णुतेचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ पाया आहे. एकत्र काम करायचे असेल तर दुसऱ्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहू द्यावी लागते.

पण ही केवळ गरजेची सोय होती असे म्हटले, तर इतिहासावर अन्याय होईल. 1679 हे साल त्यासाठी पाहावे. त्या वर्षी औरंगजेबाने बिगरमुसलमान प्रजेवर जिझिया कर पुन्हा बसवला, म्हणजे माणूस काय मानतो यावर पैसा आकारला. शिवाजी महाराजांच्या नावे असलेल्या, या कराचा निषेध करणाऱ्या फारसी पत्रात अकबराच्या उदार धोरणाची आठवण दिली आहे, आणि खुद्द कुराणाचाच आधार घेऊन ईश्वर एकट्या मुसलमानांचा नसून साऱ्या जगाचा आहे, असे बादशहाला सुनावले आहे. परधर्माचा ग्रंथ त्याच्याच अनुयायापुढे इतक्या सन्मानाने ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. त्याच वर्षी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी आणि दौलतखान महाराजांच्या बाजूने लढत होते. समोर इंग्रज होते आणि जंजिऱ्याचा सिद्दीही. महाराजांवर मनापासून राग असलेल्या खाफीखान या मोगल इतिहासकारानेही, मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावू नये अशी त्यांची सक्त ताकीद होती, हे नोंदवून ठेवले आहे. शत्रूची ही साक्ष शंभर स्तुतिपाठांहून मोलाची आहे.

विजयदुर्गवरची सर्वांत गाजलेली लढाईही धर्माच्या रेषेवर झाली नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी किल्ला घेतला, तेव्हा इंग्रजांचा सहकारी होता पेशवा आणि आत होते आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचे लोक. दोन हिंदू सत्तांमधल्या या वैरात मराठी आरमाराचा कणा मोडला.

विजयदुर्गाच्या दक्षिणेला गोव्यात मात्र पोर्तुगीज सत्तेने नेमके उलटे केले. 1560 मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करणारे धर्मन्यायालय, मधली काही वर्षे सोडता, 1812 पर्यंत चालले. याच धामधुमीच्या काळात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. हा फोंड्याचा मुलूख तेव्हा विजयदुर्गाप्रमाणेच आदिलशाहीत होता. मुसलमान सुलतानाच्या राज्यात हिंदू दैवतांना आसरा मिळाला, हे विसरता कामा नये. 1736 च्या इन्क्विझिशनच्या हुकुमाने तर कहर केला. बाटलेल्या कुटुंबांनी धोतर नेसू नये, अंगणात तुळस ठेवू नये, मिठाशिवाय भात शिजवू नये, असे त्यात आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेची चौकशी एकदा सुरू झाली की ती देवघरापाशी थांबत नाही, चुलीवरच्या भाताच्या भांड्यात डोकावते.

रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शतकानुशतके घाण्यावर तेल गाळत आले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. शनिवार का पाळायचा, त्यामागचा देव कोणता, हे गावकऱ्यांनी विचारले नाही. शुक्रवारीच तेल घेऊन ठेवले की काम भागत होते. अशी सहिष्णुता खरी होती, पण तिला मर्यादाही होती. प्रत्येकाला आपापल्या जातीच्या चौकटीत सुखाने राहू देणाऱ्या याच समाजाने, चौकट ओलांडणाऱ्याला क्षमा केली नाही. 1895 मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या संसाराची झालेली ताटातूट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वाचायला मिळते. महात्मा फुले यांनी मात्र 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, एकाच घरातली माणसे वेगवेगळे धर्म पाळून प्रेमाने राहतील असे कुटुंब कल्पिले. मराठीत याहून धीट कल्पना क्वचितच कोणी मांडली असेल.

तरीही दुसऱ्याच्या श्रद्धेशी आपला कधीच संबंध नसतो, असे म्हणता येत नाही. 18 ऑगस्ट 1868 चे सूर्यग्रहण विजयदुर्गवरून दुर्बिणीने पाहिले गेले, किल्ल्यातले साहेबाचे ओटे त्याची आठवण म्हणून दाखवतात. ग्रहणात स्वतः उपास करणाऱ्याने दुसऱ्या कोणाचे काहीच बिघडत नाही. घरातल्या गरोदर सुनेला तासन् तास पाण्यावाचून कोंडून ठेवले, की तीच श्रद्धा तिच्या जिवाचा प्रश्न बनते. राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद हीच रेघ ओढतो. कोणताही धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून. कोकणात यातला सर्वांत दुखरा भाग वाळीत टाकण्याचा आहे. गावकीचा शब्द मोडला म्हणून एखाद्या कुटुंबाशी बोलणे, त्याला पालखीचा मान देणे, त्याच्या मयताला जाणे बंद करायचे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध 2016 मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला आणि तो 2017 मध्ये अमलात आला. कोणाला धार्मिक विधीपासून, लग्नकार्यापासून किंवा अंत्यसंस्कारापासून तोडणे हा त्याखाली गुन्हा असून, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाळीत टाकणाऱ्यांच्या मनात कोणती श्रद्धा होती, हे तो कायदा विचारत नाही.