नोकरींत समाधान आहे काय?

‘नोकरी कशी काय चालली आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नमुंजींत, आगगाडीच्या डब्यांत किंवा जिन्यांत भेटलेल्या शेजाऱ्यास इतक्या सहजपणें विचारला जातो कीं, ‘ठीक आहे’ हें उत्तरहि तितक्याच सहजपणें मिळतें. विचारणाराचें तेवढ्यानें समाधान होतें. परंतु उत्तर देणाराचें झालें आहे कीं नाहीं, हें पुष्कळदां त्याचें त्यालाहि ठाऊक नसतें. नोकरीला कनिष्ठ ठरविणारी म्हण आपल्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या आहे, आणि तरीहि आपल्या वर्गांतील बहुतेक घरें नोकरीवरच उभीं राहिलीं. आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें जिच्यांत खर्च व्हावयाचीं, तिच्याविषयीं आपला खरा निर्णय काय, हें एकदां नीट तपासून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण हा निर्णय चुकला, तर त्याचा दंड एकट्या नोकरदारास नव्हे, साऱ्या घरास भरावा लागतो. रागाच्या भरांत राजीनामा देणारा जसा घराला संकटांत लोटतो, तसाच पंचवीस वर्षें मन मारून हजेरी लावणाराहि आपला कडवटपणा रोज संध्याकाळीं घरींच आणून ओततो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तक्रार नाहीं म्हणजे समाधान आहे, अशी आपली समजूत असते. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं पिट्सबर्ग भागांतील सुमारें २०० इंजिनियर व हिशेबनीस यांना, कामांत विशेष आनंद केव्हां वाटला आणि विशेष उबग केव्हां आला, असें विचारलें. व त्यांतून निघालेले निष्कर्ष १९५९ सालीं प्रसिद्ध केले. आनंदाच्या हकीकतींत वारंवार आढळलें तें असें: अवघड काम तडीस गेलें, कोणीं त्याची बूज राखली, नवी जबाबदारी अंगावर आली. उबगाच्या हकीकतींत मात्र कचेरीचे जाचक नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार हे विषय पुढें आले. या निष्कर्षांवर आक्षेपहि घेतले गेले. यश आपलें आणि अपयश दुसऱ्याचें, असें सांगण्याकडे मनुष्याचा कल असतोच. तथापि त्यांतील मर्म घेण्यासारखें आहे. पगार वाढला म्हणजे तक्रार मिटेल. पण कामाची गोडी तेवढ्यानें उत्पन्न होईलच असें नाहीं. पंखा, खुर्ची व वेतनश्रेणी यथास्थित असतांहि ज्याचें मन रविवारीं संध्याकाळीं उतरतें, त्याचें दुखणें दुसरीकडे आहे.

तें कोठें आहे, हें शोधण्यासाठीं एकच ढोबळ प्रश्न उपयोगी नाहीं. १९६९ सालीं स्मिथ, केंडॉल व ह्यूलिन या संशोधकांनीं जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तींत प्रत्यक्ष काम, पगार, बढती, वरिष्ठ आणि सहकारी असे पांच भाग पाडलेले आहेत. आमचें वाचकांस सांगणें आहे कीं, एका कागदावर हे पांच शब्द लिहावे व प्रत्येकापुढें आपलें मत निराळें मांडावें. एखाद्या शिक्षिकेस वर्गांत उभें राहिलें कीं तहानभूक आठवत नाहीं. तिचा जीव जातो तो तक्ते आणि अहवाल भरण्यांत. बँकेंतील एखाद्या गृहस्थास काम व पगार दोन्ही पसंत असतात. त्याला नकोशी होते ती दर तीन वर्षांची बदली. या दोघांनीं ‘नोकरी वाईट’ असा सरसकट निकाल दिला, तर तो अन्यायाचा होईल.

दुसरी सावधगिरी स्मरणाविषयीं. कालच साहेबांशीं खटका उडाला असेल, तर आज सारी नोकरीच काळी दिसते; आणि बोनस हातीं पडतांच तीच सोन्याची होते. म्हणून एक महिनाभर टिपण ठेवावें. डॅनियल काहनेमन व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस तुकड्यातुकड्यांनीं आठवून प्रत्येक तुकड्यांत मन कसें होतें, तें लिहावयास सांगितलें होतें. नोकरीचे तास त्यांत फारसे वर नव्हते. पण अगदीं तळाशीं होता तो सकाळीं कामावर जाण्याचा प्रवास! कल्याण किंवा विरार येथून रोज लोकलमध्यें उभ्यानें जाणाऱ्यास याचें नवल वाटणार नाहीं. परंतु असमाधान प्रवासाचें असेल, तर उपाय राजीनामा नव्हे. घर, वेळ किंवा शाखा बदलणें हा आहे.

सोडावी कीं राहावें, याचें एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ सालीं सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली व १८८० च्या आरंभीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. उलट न्यायमूर्ति रानडे सरकारी नोकरींतच राहिले. १८८७ सालीं सुरू झालेल्या सामाजिक परिषदेचें कार्यहि त्यांनीं नोकरींत असतांनाच केलें, आणि १८९३ सालीं ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. शास्त्रीबोवांना शिकविण्याचा कंटाळा नव्हता. ज्या चौकटींत शिकवावें लागे, ती त्यांना मानवत नव्हती. रानड्यांना मात्र नोकरींत राहूनहि आपल्या ध्येयास वाट काढतां आली. काम नकोसें आहे कीं चौकट नकोशी आहे, हा भेद ज्यानें ओळखला, त्याचा अर्धा निर्णय झाला.

उरलेला अर्धा घरच्यांबरोबर करावयाचा आहे. हल्लीं पुष्कळ घरांत पति व पत्नी दोघेंहि नोकरी करतात. तेव्हां एकाच्या समाधानासाठीं दुसऱ्यानें आपलें मुकाट्यानें गिळावें, हें न्यायाचें नाहीं. दोघांनींहि आपापलें टिपण एकमेकांपुढें ठेवावें, सहा महिन्यांचा खर्च शिलकेंत आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मग बोलावें. शेवटीं एक प्रश्न प्रत्येकानें स्वतःला विचारावा: हेंच काम आपल्या मुलानें किंवा मुलीनें पत्करलें, तर आपणांस बरें वाटेल काय? या प्रश्नास तोंडदेखलें ‘ठीक आहे’ म्हणणें फार कठीण जातें. आणि म्हणूनच त्याचें उत्तर विश्वासार्ह असतें.