संशय आणि नोंदवही

१९८१ साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या अँटिलोप गावात जेमतेम चाळीस माणसं राहत होती. एक पोस्ट, एक शाळा, एक चर्च, एक कॅफे आणि आसपासच्या रँचवर आयुष्य काढून निवृत्त झालेली म्हातारीकोतारी. सभोवार करड्या, उघड्याबोडक्या टेकड्या, पाऊस बेताचा. वास्को काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण द डॅल्स इथून शंभरेक किलोमीटरवर, कोलंबिया नदीच्या काठी. त्याचीही वस्ती दहा हजारांच्या थोडी वर. रात्री दाराला कुलूप लावावं असं काही त्या मुलखात घडत नसे.

त्या वर्षी जुलैत अँटिलोपपासून तीसेक किलोमीटरवरची ‘बिग मडी’ नावाची चौसष्ट हजार एकरांची रँच ५७.५ लाख डॉलरला विकली गेली. घेणारे पुण्याहून आले होते. १९७४ पासून कोरेगाव पार्कात बस्तान बसवलेल्या भगवान रजनीशांनी जूनमध्ये भारत सोडला होता आणि त्यांच्या सचिव मा आनंद शीला यांनी ही जमीन शोधून काढली होती. भगवी-लाल वस्त्रं, गळ्यात माळ आणि माळेत गुरूंचा फोटो हे दृश्य पुणेकरांच्या सवयीचं झालेलं होतं. अँटिलोपला ते सर्वस्वी नवं होतं.

पुढच्या भांडणात कपडे, ध्यान, मुक्त संबंध, ९३ रोल्स-रॉइस या गोष्टी फार गाजल्या. मला त्यापेक्षा जमिनीचा कायदा महत्त्वाचा वाटतो, कारण खरी ठिणगी तिथे पडली. ऑरेगनने १९७३ मध्येच शेतजमीन वाचवण्यासाठी कडक कायदा केला होता. शेतजमिनीवर छापखाना, कचेऱ्या, दुकानं काढता येत नसत. त्यासाठी आधीपासूनचं गाव हवं. जवळचं गाव अँटिलोप. मग पंथाने तिथली घरं विकत घ्यायला सुरुवात केली. रहिवाशांनी ओळखलं, की घरांपाठोपाठ मतंही जाणार. एप्रिल १९८२ मध्ये त्यांनी गावाची नगरपालिकाच विसर्जित करण्याचा ठराव मतदानाला घातला आणि तो ४२ विरुद्ध ५५ मतांनी पडला. चाळीस माणसांच्या गावात सत्त्याण्णव मतं पडली, यातच सगळं आलं. नोव्हेंबरात कौन्सिल पंथाच्या हातात गेलं. कॅफेचं नाव ‘झोर्बा द बुद्ध’ झालं आणि सप्टेंबर १९८४ मध्ये गावाचंच नाव ‘रजनीश’ करण्यात आलं. यातलं बहुतेक सगळं कायद्याच्या चौकटीत झालं, म्हणून तक्रार करायला जागाही उरत नव्हती.

रँचवर तोवर रजनीशपुरम उभं राहिलं होतं. धरण, तलाव, सांडपाण्याची व्यवस्था, विमानाची धावपट्टी, बससेवा, अग्निशमन दल, दवाखाना आणि त्याची स्वतःची प्रयोगशाळा. ओसाड माळावर तीन-चार वर्षांत हे करणारी माणसं कष्टाळू आणि हुशार होती, यात वाद नाही. त्यात डॉक्टर, वकील, इंजिनिअर होते. जुलै १९८३ मध्ये पोर्टलँड शहरातल्या पंथाच्या हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. तो करणाऱ्याचा ऑरेगनच्या गावकऱ्यांशी काही संबंध नव्हता. पण त्यानंतर पंथाचं ‘पीस फोर्स’ नावाचं पोलीसदल उघडपणे बंदुका मिरवू लागलं. इकडे गावकऱ्यांच्या टोप्यांवर आणि गाड्यांवर ‘लालपेक्षा मेलेलं बरं’ अशा अर्थाच्या घोषणा झळकू लागल्या. भीती दोन्ही बाजूंना होती आणि दोघांकडेही तिची खरी कारणं होती.

१९८४ च्या नोव्हेंबरात काउंटीच्या तीन सदस्यांच्या मंडळातल्या दोन जागांची निवडणूक होती. बांधकामाचे परवाने या मंडळाच्या हातात. ते जिंकण्यासाठी शीला आणि त्यांच्या भोवतीच्या मोजक्या लोकांनी दोन बेत केले. एक सगळ्यांना दिसणारा: अमेरिकेच्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसमधून रजनीशपुरमला आणून त्यांची नावं मतदारयादीत घालायची. दुसरा गुप्त: मतदानाच्या दिवशी बाकीच्या मतदारांना आजारी पाडायचं.

२९ ऑगस्टला मंडळाचे तिघे सदस्य पाहणीसाठी रजनीशपुरमला आले. ऊन कडक होतं, गाडीचं टायर बसलं होतं. पंथाच्या लोकांनी अगत्याने पाण्याचे ग्लास पुढे केले. तिघांपैकी पंथाच्या विरोधात मत देणारे दोघंच आजारी पडले. एकाला रुग्णालयात दाखल करावं लागलं, जिवावर बेतलं होतं. पाण्यात साल्मोनेला जंतू होते. त्या वेळी कोणी तक्रार केली नाही. प्रवासात पोट बिघडलं, एवढंच त्याचं झालं.

मग त्या मतदानाच्या दिवसाची रंगीत तालीम म्हणून द डॅल्सच्या सॅलड बारची पाळी आली. आपल्याकडच्या लग्नाच्या बुफेत कोशिंबिरींचं टेबल असतं तसंच हे: उघडी भांडी, मोठे चमचे, ज्याने त्याने हवं ते वाढून घ्यायचं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंचं तपकिरी पाणी छोट्या बाटल्यांतून आणून सॅलडवर, ड्रेसिंगमध्ये, कॉफीच्या दुधात ओतलं जाई. आत शिरायला चोरवाट लागत नव्हती. गिऱ्हाईक म्हणून यायचं आणि वाढून घेताना हात थोडा जास्त वेळ रेंगाळू द्यायचा. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत, दोन लाटांत, दहा उपाहारगृहांशी जोडलेले ७५१ रुग्ण नोंदले गेले. जुलाब, ताप, उलट्या, पोटात कळा. ४५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. गावात रुग्णालय एकच. त्याच्या सगळ्या खाटा भरल्या. कोणी दगावलं नाही. अमेरिकेतला हा आजवरचा सर्वांत मोठा जैविक हल्ला.

इथे प्रश्न येतो अशा आपत्तीच्या तयारीचा. द डॅल्सकडे खास अशी काही तयारी नव्हती. होतं ते एक छोटं सार्वजनिक आरोग्य खातं आणि साल्मोनेलाचा रुग्ण आढळला की कळवायचं, ही डॉक्टरांची सवय. १७ सप्टेंबरला खात्याला पहिली खबर मिळाली. मागोमाग आणखी आल्या. आजाऱ्यांनी काय खाल्लं, कुठे खाल्लं याच्या याद्या तयार झाल्या, शौचाचे नमुने प्रयोगशाळेत गेले, जंतूंचा प्रकार निश्चित झाला. २५ सप्टेंबरला सॅलड बार बंद ठेवायला सांगण्यात आलं आणि साथ ओसरली. राज्याचे आणि अटलांटाच्या रोग नियंत्रण केंद्राचे साथरोगतज्ज्ञ आले. पाणीपुरवठा तपासला, ठीक निघाला. दहाही ठिकाणी समान असा पुरवठादार किंवा पदार्थ सापडेना. पण आजाऱ्यांत उपाहारगृहांचे कर्मचारीही मोठ्या संख्येने होते. तेव्हा नोव्हेंबरातल्या सरकारी अहवालाने प्राथमिक निष्कर्ष काढला, की कर्मचाऱ्यांच्या हातांच्या अस्वच्छतेतून हे घडलं असावं.

गावाला हे अजिबात पटलं नाही. ‘हे त्यांचंच काम’ असं लोक उघड बोलत होते. जेम्स वीव्हर हे त्या राज्यातले काँग्रेस सदस्य. २८ फेब्रुवारी १९८५ रोजी त्यांनी प्रतिनिधिगृहात सरळ आरोप केला; पुरावा नव्हता, लोकांनी त्यांनाच पूर्वग्रहदूषित ठरवलं. सप्टेंबरात शीला युरोपला पळाल्या आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, खुद्द रजनीशांनी पत्रकार परिषदेत त्यांच्यावर विषप्रयोगाचे आरोप केले. २ ऑक्टोबरला तपासपथक रँचवरच्या प्रयोगशाळेत शिरलं. तिथे जंतूंची एक कुपी सापडली, रीतसर व्यापारी पुरवठादाराकडून विकत घेतलेली. रुग्णांकडून वर्षभरापूर्वी घेतलेले आणि जपून ठेवलेले जंतू बाहेर काढून ताडून पाहिले. जुळले.

गाव बरोबर होतं आणि तज्ज्ञ चुकले, अशी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला ती अर्धीच वाटते. गावाने चार वर्षांत पंथाबद्दल बरं-वाईट सगळंच म्हटलं होतं. त्यातलं एक खरं निघालं. गुन्हा शाबित झाला तो शीतपेटीत ठेवलेल्या नमुन्यामुळे, आणि तो नमुना ठेवला होता त्याच चुकलेल्या तज्ज्ञांनी. त्यांचा निष्कर्ष चुकला, पण नोंद पक्की होती, म्हणून तो दुरुस्त करता आला. निवडणुकीचंही तसंच. काउंटीच्या क्लार्कबाईंनी ऑक्टोबरात सगळ्याच नव्या नावनोंदण्या थांबवल्या आणि प्रत्येक अर्जदाराची स्वतंत्र सुनावणी ठेवली. लाल कपडेवाल्यांना एक नियम आणि बाकीच्यांना दुसरा, असं केलं नाही. पंथाने निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि मतदानाच्या दिवसासाठी ठेवलेला विषाचा बेत बारगळला.

आणखी एक. रजनीशपुरममधल्या हजारो माणसांपैकी या कटात गुंतलेले मूठभर होते. बाकीच्यांना ते पत्रकार परिषदेतच कळलं. शीला आणि त्यांच्या परिचारिका मा आनंद पूजा यांना १९८६ मध्ये वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या; प्रत्यक्षात दोघी अडीच वर्षांच्या आत सुटल्या. रजनीशांवर विषप्रयोगाचा खटला झालाच नाही. स्थलांतर कायद्याच्या भंगाबद्दल चार लाख डॉलर भरून त्यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये देश सोडला. जानेवारी १९८७ मध्ये ते पुन्हा पुण्यात आले. त्या साथीचा सविस्तर वैद्यकीय अहवाल मात्र १९९७ मध्ये छापला गेला. वाचून कोणी नक्कल करेल, ही भीती होती.

नुसत्या संशयावर चाललं की काय होतं, ते जपानमध्ये दिसलं. ओम शिनरिक्यो पंथाने क्युशू बेटावरच्या नामिनो या खेड्यात जमीन घेतली, तेव्हा गावाने नव्या लोकांची रहिवासी नोंदच नाकारली. कोर्टकज्जे झाले आणि शेवटी त्यांनी निघून जावं म्हणून गावाने ९२ कोटी येन मोजले. अवैध आडमुठेपणाची एवढी किंमत. पंथ नाहीसा झाला नाही, फुजीच्या पायथ्याच्या कामिकुइशिकी गावात त्याचे कारखाने चालूच होते. २७ जून १९९४ च्या रात्री मात्सुमोतो शहरात सारिन वायू सोडला गेला. पंथाच्या जमिनीचा खटला चालवणारे न्यायाधीश त्याचं लक्ष्य होते. सात माणसं मेली. पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी संशय घेतला तो योशियुकी कोनो यांच्यावर. पहिला फोन करून मदत मागणारा हाच माणूस, आणि त्याची बायको बेशुद्धावस्थेत होती. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही, २००८ मध्ये गेली. जुलैत कामिकुइशिकीच्या लोकांनी उग्र वासाची तक्रार केली, मातीत सारिनचे अवशेष सापडले, पण छापा पडायला मार्च १९९५ उजाडलं. त्याआधी दोन दिवस टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडला गेला होता. त्या सकाळी टीव्हीवर रुग्णांची लक्षणं पाहून मात्सुमोतोच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्या नोंदी टोकियोच्या रुग्णालयांना फॅक्स केल्या. छोट्या शहराने लिहून ठेवलं होतं, ते राजधानीच्या उपयोगी पडलं.

संकटाच्या तयारीचा अतिरेक करणारेही असतात. मोंटानातल्या ‘चर्च युनिव्हर्सल अँड ट्रायम्फंट’ या पंथाने १९९० च्या मार्चमध्ये अणुयुद्ध होणार म्हणून यलोस्टोन उद्यानाच्या कडेला जमिनीखाली साडेसातशे माणसांचं आश्रयस्थान बांधलं. युद्ध झालं नाही. तिथल्या टाक्यांतून हजारो लिटर इंधन मात्र गळलं. धान्य, बंदुका, काँक्रीट सगळं होतं. शेजाऱ्यांशी बोलणं तेवढं नव्हतं.

आपल्याकडे काय करावं? कोणाची वस्त्रं, माळ, जयघोष यावरून अंदाज बांधू नये. महाराष्ट्रात त्या हिशेबाने निम्मा मुलूख संशयित ठरेल. गावाजवळ नवा मठ, आश्रम, केंद्र आलं तर चार रोकडे प्रश्न विचारावेत. सातबारा कोणाच्या नावावर आहे, बांधकामाचा परवाना आहे का, मतदारयादीत एकाच पत्त्यावर किती नावं चढली, आणि आत गेलेला माणूस मनाला येईल तेव्हा बाहेर येऊ शकतो का? उत्तरं सरळ मिळाली तर नमस्कार करून चहाला बोलवावं.

आणि साथ कोणी मुद्दाम आणो वा आपोआप येवो, गावाचा बचाव एकाच यंत्रणेने होतो. ती आपल्याकडे कागदावर आहे. देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला; आरोग्यसेविका ‘एस’, डॉक्टर ‘पी’ आणि प्रयोगशाळा ‘एल’ नमुन्यात आकडे भरते. अडचण खासगी दवाखान्यात आहे. तालुक्याच्या गावी जुलाबाचा रुग्ण आला की सलाईन लागतं, इंजेक्शन दिलं जातं, माणूस घरी जातो. शौचाचा नमुना घेतला जात नाही आणि कुठेही कळवलं जात नाही. द डॅल्समध्ये असंच झालं असतं, तर ७५१ हा आकडा कधी तयारच झाला नसता.

पाण्याचीही एक वही असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजतो आणि तसं लिहितो. आरोग्य विभाग त्यावर आणि एकूण पाहणीवर गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे हे किती जणांना ठाऊक असतं? २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जाल तेव्हा ते विचारा आणि ओटी टेस्टची वही मागून पाहा. महिनाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या, तर तिथेच उभं राहून बोला.