घरच्या मोटारीचीं अवजारें

मोटार आतां केवळ श्रीमंतांची राहिली नाहीं. पण तिच्या देखभालीचीं अवजारें घेतांना पुष्कळ घरांत व्यर्थ खर्च होतो. शंभर नगांच्या पेटीपेक्षां मोजकीं पण खात्रीचीं साधनें बरीं, असें आमचें मत आहे.

प्रथम घ्यावा हवेचा दाबमापक. खानदेशांत वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. जळगांवाहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास जातांना, हवा कमी असलेला टायर सतत दबून तापतो व फुटूं शकतो. दाब निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांनाच मोजावा. योग्य आंकडा बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो.

मग पाने. पुष्कळ गाड्यांत बॅटरीचे जोड १० मिलिमीटरच्या पान्यानें सुटतात. तेथें ऋण टोंक आधीं सोडावें. हलक्या लोखंडाच्या पान्याचा जबडा फांकतो व नटाचे कोपरे झिजतात. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा पाना थोडा महाग, पण टिकाऊ.

एका ठिकाणीं मात्र काटकसर नको. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. सपाट, टणक जमीन व भक्कम जॅकस्टँडांची जोडी असल्यावांचून कोणीहि खालीं जाऊं नये. घरांतील मुलामुलींच्या हातीं पाना देण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं हा नियम त्यांस अवश्य सांगावा.