नकाशा बिघडला, की अर्धाच आला?

पाझर तलाव, नाला खोलीकरण, सामूहिक वनहक्काच्या हद्दी अशा कामांचे नकाशे आता क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. फाइल उघडली नाही की ‘करप्ट झाली, पुन्हा मोजणी करा’ असं ठरून जातं. ही घाई माणसांची मेहनत वाया घालवते.

अशा नकाशाची शेपफाइल ही एक फाइल नसतेच, तो फाइलींचा संच असतो. एसएचपीमध्ये आकार, डीबीएफमध्ये गट नंबर-क्षेत्राचा तक्ता आणि एसएचएक्समध्ये अनुक्रमणिका असते. मोबाइलवरून फक्त एसएचपी पाठवली, तर समोरच्याला ती बिघडलेली वाटणारच. एसएचएक्स हरवली तर एसएचपीवरून पुन्हा तयार होते. क्यूजीआयएसमधलं ‘रिपेअर शेपफाइल’ त्यासाठीच आहे. डीबीएफ गेली तर मात्र हद्दी दिसतात, त्या कोणत्या गटाच्या हे कळत नाही.

‘शेत भलतीकडेच दिसतंय, म्हणजे आकडे खराब झाले.’ यवतमाळ जिल्ह्यात हा गैरसमज फार महाग पडतो. ७८ अंश पूर्व रेखावृत्त याच जिल्ह्यातून, यवतमाळ शहराच्या थोडं पश्चिमेकडून जातं. पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत त्याच्या पश्चिमेचे पुसद, दिग्रस, दारव्हा ४३ व्या विभागात येतात. पूर्वेचे राळेगाव, पांढरकवडा, वणी ४४ व्या. फाइल कोणत्या विभागातली, हे सोबतची पीआरजे फाइल सांगते. ती नसताना पुसदच्या शेताला अंदाजाने ४४ लावला, की शेत सुमारे ६२५ किलोमीटर पूर्वेला, थेट ओडिशात दिसतं. आकडे शाबूतच असतात. ‘सेट लेयर सीआरएस’मध्ये ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ निवडा, शेत जागेवर येतं. इथे ‘रीप्रोजेक्ट’ मात्र करू नका; त्याने आकडेच बदलतात आणि चूक पक्की होते.

मराठी नावांऐवजी विचित्र अक्षरं दिसली, तर आधी एन्कोडिंग यूटीएफ-८ करून पाहा. बहुधा नावं परत येतात. पण शेरा मध्येच तुटला असेल तर तो गेला. डीबीएफच्या एका रकान्यात २५४ बाइट मावतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं.

‘तक्ता लिबरऑफिसमध्ये नीट लावून घेऊ’ ही समजूत सर्वांत घातक. आकार आणि तक्त्यातली ओळ फक्त क्रमाने जोडलेली असतात. गट नंबरप्रमाणे ओळी लावून सेव्ह केलं, की एकाची हद्द दुसऱ्याच्या नावावर जाते. फाइल बिनतक्रार उघडते, म्हणून चूक लक्षातही येत नाही. त्यामुळे दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी आणि मूळ संच, सगळ्या फाइलींसकट, झिप करून बाजूला ठेवावा.